पुसला न जाणारा ठिपका

ते चित्र एका परदेशी गेमसाठी होतं. मधोमध फुटलेला ग्रह, उघडा पडलेला लाल गाभा आणि भोवती उडालेले हजारो तुकडे. गेली सहा वर्षं मी हेच काम करते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून संगणकावर ग्रह तयार करते आणि मग ते फोडते. अख्खे ग्रह मागणारी माणसं फार थोडी. बहुतेकांना फुटलेलेच हवे असतात.

माझे सासरे त्या दिवसांत रक्तदाबाच्या उपचारासाठी फुलंब्रीहून येऊन आमच्याकडे राहिले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शेतकरी माणूस, सत्तरी ओलांडलेला. तरुणपणी त्यांनी विहिरींवर सुरुंग लावायची कामं केलेली. दुपारचं जेवण झालं की ते माझ्या मागं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "आज कोणता फोडायलीस?"

पहिल्यांदा माझं काम पाहिलं तेव्हा ते हसलेच होते. "दगुड असा फुटत नसतो, बाई. हे तर तू पाव कुस्करल्यावानी केलंय." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. दगडात आधीची चीर असते, तिथूनच तो फुटतो. ताजी बाजू निळसर काळी आणि धारदार निघते, बाहेरची जुनी बाजू तांबूस असते. मी तसं करून पाहिलं, आणि चित्रं एकदम खरी वाटायला लागली. तेव्हापासून एखादा ग्रह त्यांना दाखवल्याशिवाय मी पाठवला नाही.

त्या मंगळवारी मी चित्रातली बारीक धूळ रेखाटत होते. वरच्या बाजूला एक काळा ठिपका नको तिथं पडलेला दिसला. पुसला. गेला नाही. संगणकावरचा धुळीचा अख्खा थरच लपवून पाहिला, ठिपका तिथंच. चित्र मोठं केलं. बाकी सगळं मोठं झालं, ठिपका तेवढाच राहिला. पडद्यावर काही चिकटलं असेल म्हणून ओढणीनं काच पुसली. आणि मग सहज मान वर करून भिंतीकडं पाहिलं, तर ठिपका भिंतीवर होता.

चौथीत असल्यापासून मला जाड चष्मा आहे. वजा नऊचा नंबर. एवढा नंबर असला की डोळ्याचा आतला पडदा ताणलेला असतो, जपावं लागतं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. त्यामुळं ठिपका भिंतीवर दिसला त्या क्षणीच मला कळायचं ते कळलं होतं. तरी मी कुणाला काही बोलले नाही. चित्र शुक्रवारी द्यायचं होतं, नवरा कंपनीच्या कामाला पुण्याला गेला होता, आणि मनात कुठंतरी असं होतं की बोललं की ते खरं होईल.

बुधवारी ठिपक्यांचा घोळका झाला. नजर फिरवली की ते सगळे मागून तरंगत यायचे. स्वयंपाकघरात भाकरी थापताना डाव्या बाजूला लख्खकन काहीतरी चमकलं.

"आबा, वीज चमकली का हो?" मी विचारलं.

ते दारातूनच म्हणाले, "कोरडं ऊन पडलंय. कुठली वीज?" आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मी तव्याकडं तोंड केलं. भाकरी एका बाजूनं फाटली.

गुरुवारी सकाळी उठले आणि डाव्या डोळ्यात खालून एक सावली वर आलेली होती. पाणी भरलेल्या बादलीचा काठ असावा तशी, गोल आणि करडी. मी उजवा डोळा हातानं झाकला. समोर आबा चहा पीत बसले होते. त्यांचं डोकं दिसत होतं, खांदे दिसत होते, पण कप धरलेला हात दिसत नव्हता.

"आबा," मी म्हणाले, "मला तुमचा हात दिसत नाही."

मग सगळंच सांगितलं. ठिपका, चमक, सावली. ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला आणि ते उठून चपला शोधायला लागले.

"परवापासून? आन् तू गप बसलीस?"

रिक्षात त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगितलं. ही गोष्ट घरात कुणी कधी काढत नसे. विहिरीवर सुरुंग उडाल्यावर दगडाची कपची भावाच्या डोळ्यात गेली होती. "थोडंच लागलंय, उद्या जाऊ, म्हणला. मीबी म्हणलं, जाऊ उद्या. काम चालू होतं ना." रिक्षा सिग्नलला उभी होती. "डोळा गेला त्याचा. त्यानं मला कधी बोल लावला नाय. पण म्या म्हणलं होतं, उद्या जाऊ." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरले आहेत हे पाहून माझी भीती आणखीच वाढली.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, बाहुली मोठी झाल्यावर बराच वेळ आत पाहिलं. वर बघा, खाली बघा, डावीकडं बघा. त्यांचं बोलणं कमी होत गेलं.

"पडद्याला वर भोक पडलंय, आणि तिथून पडदा सुटायला लागलाय," त्या म्हणाल्या. "नजरेचा मुख्य भाग अजून शाबूत आहे. ऑपरेशन उद्याच करू."

"माझ्या कामामुळं झालं का?" मी विचारलं. "मी दिवसभर संगणकावर असते."

"नाही. नंबरामुळं. तुम्ही शेती केली असती तरी झालं असतं."

नवरा संध्याकाळपर्यंत पुण्याहून परतला. दुसऱ्या दिवशी त्यानं सह्या केल्या. भूल फक्त डोळ्यापुरती होती. तोंडावर हिरवं कापड, आणि मी पूर्ण जागी. सगळ्यात जास्त भीती खोकल्याची वाटत होती. आपण खोकलो, मान हलली आणि सुई भलतीकडं गेली तर? घसा खवखवतोय असंच सारखं वाटत होतं. मग त्याच डोळ्याला आतून उजेड दिसायला लागला आणि त्या उजेडात एक काळी बारीक काडी फिरताना दिसली. माझ्या डोळ्याच्या आत चाललेली ती काडी मी त्याच डोळ्यानं पाहत होते. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं वाटून गेलं. निदान लक्ष तिकडं गेलं असतं.

पडदा जागेवर दाबून ठेवायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. तो बरोबर जागी राहावा म्हणून सात दिवस पालथं राहायचं. जेवताना, बसताना, झोपताना तोंड खाली. मी पलंगाच्या कडेला कपाळ टेकवून पडायचे आणि समोर फक्त फरशी. डाव्या डोळ्यात नुसतं दुधाळ धुकं. नवऱ्याला चौथ्या दिवशी कामावर जावंच लागलं. आबा माझ्यापुढं फरशीवर मांडी घालून बसायचे, नळीनं चहा पाजायचे. मला त्यांचे गुडघे आणि हात तेवढे दिसत.

चित्रासाठी दोन आठवडे वाढवून मिळाले होते, नवऱ्यानं गेमवाल्यांना कळवून तशी मुदत मागून घेतली होती. पण मला चैन पडेना. हे काम पुन्हा जमणार का, हा प्रश्न डोक्यातून हलत नव्हता. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "आबा, संगणक लावा आणि चित्र कसं दिसतंय ते मला सांगा."

ते म्हणाले, "म्या त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय."

"का?"

"भ्या वाटायलंय मला त्याचं."

"कामामुळं झालं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. पटलंबी. तरी वाटायलंय."

मलाही तसंच वाटत होतं. रोज काहीतरी फोडायचं, त्यातून पैसे मिळवायचे, आणि मग एक दिवस आपल्यातच काहीतरी फाटायचं. मी रडायला लागले. पालथं पडून रडलं की पाणी सरळ नाकाच्या शेंड्यावरून खाली पडतं. आबांनी ते फरशीवरून फडक्यानं पुसलं, आणि उठून मागच्या खोलीत गेले. बटण दाबल्याचा आवाज आला.

"लावलं," ते आतून ओरडले. "आता काय सांगू?"

"उजवीकडचा मोठा तुकडा कसा आहे?"

खुर्ची पुढं सरकल्याचं ऐकू आलं. "चांगलाय. पण त्याची आतली बाजू तांबडी केलीस तू. ताजी फुटल्याली हाय ना ती? काळी पायजे."

खरंच तसं झालं होतं. मला आठवलं, मंगळवारी ठिपक्याच्या नादात ती बाजू चुकून तांबडीच राहिली होती. मी फरशीकडं पाहत म्हणाले, "बरं. करते उठल्यावर."

सात दिवसांनी उठले. पुढं कित्येक दिवस डाव्या डोळ्यात एक हलती रेघ होती. तिच्या वर जग, खाली बुडबुडा. रेघ रोज थोडी खाली जायची. शेवटी बुडबुडा मटाराएवढा उरला आणि एका सकाळी नाहीसाच झाला. नजर परत आली, पण खिडकीचे गज मधे किंचित वाकल्यासारखे दिसायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं राहू शकेल. ते राहिलं. मी चित्र पुरं करून पाठवलं आणि गेमवाल्यांनी ते घेतलं.

पेरणीच्या आधी आबा गावी गेले. जाताना म्हणाले होते, रोज सकाळी फोन करीन. करतात. मला आता उठल्याबरोबर एकेक डोळा झाकून पाहायची सवय लागली आहे.

गेल्या महिन्यात उजव्या डोळ्यात एक नवा ठिपका दिसला. फोन आला तेव्हा मी म्हणाले, "सगळं ठीक आहे, आबा." त्यांनी "बरं" म्हणून ठेवला. मी चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, मग गॅस बंद केला आणि त्यांना उलट फोन लावला.

"आबा, मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "आवाजावरून कळलं. म्या एष्टीकडंच निघालोय. तू थांबू नकोस, रिक्षा कर अन् जा."

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. पडदा धड होता, ठिपका साधा. "काही नाही," त्या म्हणाल्या. मी बाहेर आले, बाकावर बसले, आणि आबा पोचेपर्यंत तिथून उठायची मला हिंमत झाली नाही.