टिप कोणी लावली होती

जालन्यात पूलची, म्हणजे स्टिकने चेंडू भोकात घालायच्या खेळाची, टेबलं आली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि एका बियाणे कंपनीत कारकून होतो. सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. बाजारातल्या एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर एकाने तीन टेबलं मांडून पार्लर सुरू केलं. गावात त्या जागेचं नाव काही चांगलं नव्हतं. मी घरी सांगायचो की कॅरम खेळायला जातो.

खेळात मी कधीच पहिल्या चारात आलो नाही. नेम बरा होता, पण लोक बघायला उभे राहिले की माझा हात जड व्हायचा. माझा शाळेपासूनचा मित्र मात्र अख्ख्या पार्लरमध्ये सगळ्यात सरस खेळायचा. त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं, आणि त्याने मुंबईहून स्वतःची स्टिक आणली होती. तो खेळायला लागला की बाकीची दोन टेबलं आपोआप रिकामी व्हायची. मला त्याचा हेवा वाटायचा, हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

त्या पार्लरमध्ये एक चाचा होते. साठीच्या पुढचे, अंबडचे. हैदराबादच्या एका क्लबात त्यांनी तीस वर्षं मार्कर म्हणून काम केलं होतं. म्हणजे गुण मोजायचे, चेंडू लावून द्यायचे आणि स्टिका दुरुस्त ठेवायच्या. क्लब सोडून ते परत आले आणि मालकाने त्यांना इथे बसवलं. स्टिकच्या टोकाला चामड्याची एक टिकली असते, तिला टिप म्हणतात. चेंडूला लागते ती एवढीच टिकली. ती चपटी झाली, गुळगुळीत झाली, की चांगल्या खेळाडूचाही चेंडू भलतीकडे पळतो. चाचांचा जीव त्या टिपांत होता.

जिंकता येईना, म्हणून मी त्यांच्या कामात शिरलो. ऑफिस सुटलं की खेळण्याऐवजी त्यांच्या स्टुलाशेजारी जाऊन बसायचो. ते नवी टिप आधी फरशीवर टाकायचे आणि आवाज ऐकायचे. बद्द आवाज आला तर बाजूला. मग जुनी टिप पात्याने कापून काढायची, स्टिकच्या टोकाची पितळी कडी फुटक्या पाटीच्या तुकड्यावर घासून अगदी सपाट करायची, जुन्या सरसाचा कणही ठेवायचा नाही. छोट्या डबीत गरम केलेला सरस काडीने लावायचा, टिप बसवायची, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची आणि स्टिक कोपऱ्यात उभी करायची.

"आता हिला विसरून जायचं," ते म्हणायचे. "सरस पुरा वाळल्याबिगर जो हात लावील तो अनाडी."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकार द्यायचा. बाहेर आलेली कड पात्याने उडवायची, मग कानशीने चारी बाजूंनी हलकं हलकं घासत टिप गोल करायची. गोलाई रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढी. नाणं शेजारी धरून बघायचं. बाजूला थुंकीचं बोट फिरवून चामड्याच्या तुकड्याने चमक येईपर्यंत रगडायचं, म्हणजे मार खाऊन टिप फुगत नाही. वरून मात्र कानशीने टोचून खरखरीत ठेवायची, नाहीतर खडू टिकत नाही. हे सगळं चाचा बोटांनी करायचे. आकार झाला की डोळे मिटून अंगठा टिपेवरून फिरवायचे. मला ती त्यांची ऐट वाटायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते तो सगळ्यांपासून लपवत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षं मी बघत होतो. चाचांनी मला कधी कानशी हातात दिली नाही. मी एकदा मागितली तर म्हणाले, "बघणं वेगळं बाबू, हात वेगळा." मला ते लागलं होतं.

त्या वर्षी पार्लरमध्ये मोठी स्पर्धा ठेवली होती. औरंगाबाद, बीडकडचेही खेळाडू आले होते. माझा मित्र अंतिम सामन्यात पोचला. शुक्रवारी त्याची टिप सुटत आल्यासारखी वाटायला लागली. दुकान सोडून त्याला येता येईना, म्हणून त्याने स्टिक माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "चाचांकडून बराबर करून आण. रविवारी दुपारी सामना आहे."

चाचांनी त्याच संध्याकाळी नवी टिप लावली, पट्टी बांधली आणि स्टिक कोपऱ्यात ठेवली. "रविवारी सकाळी आकार देतो," म्हणाले.

शनिवारी माझं ऑफिस अर्धा दिवस होतं. दुपारी मी वर गेलो तर पार्लरमध्ये कोणीच नव्हतं. मालक जेवायला घरी, चाचा नमाजाला गेल्ते. स्टिक कोपऱ्यात होती आणि चाचांची पत्र्याची पेटी उघडीच होती. मी पट्टी सोडली. मनात एवढंच होतं, की रविवारी मित्र जिंकला तर मी सांगीन, टिप मी घडवली होती. चाचा आले की त्यांच्यापुढेही धरीन.

चौथ्या-पाचव्यांदा घासताना मी कानशी आडवी दाबली आणि टिप उडून फरशीवर पडली.

खाली स्टेशनरीचं दुकान होतं. तिथून मी दोन थेंबांत चिकटणारं ते ट्यूबमधलं सोल्यूशन आणलं. पितळेवर ओलसर सरसाचा थर तसाच होता. तो घासून काढायला हवा, हे चाचांच्या खालोखाल कोणाला माहीत असेल तर मलाच. पण जिन्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली. मी त्या थरावरच दोन थेंब टाकले, टिप दाबली, पट्टी बांधली आणि स्टिक होती तशी ठेवून दिली. चाचा आले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आज लवकर?"

रविवारी सकाळी चाचा आकार द्यायला बसले. मी समोर होतो. त्यांनी कड उडवली, कानशी फिरवली, बाजू रगडली. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. टिप जिथे पितळेला भेटते तिथे अंगठा थांबला. परत फिरवला, परत तिथेच थांबला.

"इथं जरा जाड लागून राह्यलं," ते म्हणाले. "रेघ आल्यावानी. तू बघ रे बाबू."

तेव्हा सांगायचं होतं. सामन्याला चार तास होते, नवा सरस वाळायला ते पुरले नसते, पण चाचांनी पार्लरची एखादी स्टिक मित्रासाठी तयार ठेवली असती. मी स्टिक उजेडात धरली, बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "न्हाई चाचा, एकदम बराबर आहे. तुम्हाला भास होऊन राह्यला."

त्यांनी स्टिक परत घेतली. "असंल," म्हणाले आणि पेटी बंद केली.

दुपारी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मित्र सुंदर खेळला. शेवटच्या डावात त्याच्यापुढे फक्त काळा चेंडू उरला होता, अगदी भोकाच्या तोंडाशी. पांढरा चेंडूही भोकात जाऊ नये, मागे यावा म्हणून त्याने खालून जोरात मारला. काडकन आवाज झाला. टिप उडाली, उघडी पितळ कापडात घुसली आणि ते चार बोटं लांब फाटलं. पांढरा चेंडू वीतभर घरंगळून थांबला. नंतर मित्र पार्लरच्या स्टिकने खेळला, पण त्याचा हात बिघडला होता. डाव गेला, सामना गेला.

मालक फाटलेल्या कापडाकडे बघत ओरडला, "टिप कोणी लावली होती?"

मित्राने माझ्याकडे बघितलं. "तूच नेल्तीस ना? कोणी लावली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "चाचांनी."

ते खोटंही नव्हतं. चाचांनी लावली होतीच. इतकी वर्षं झाली, पण तो एक शब्द मी किती पटकन बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

चाचा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. टिप सापडली. त्यांनी ती डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली, आणि खिशात टाकली. उठून मित्राला म्हणाले, "माफ कर बेटा. माझ्या हातचीच आहे. सकाळी मला शक आल्ता."

मालक सगळ्यांदेखत बोलला, "डोळे गेले तुमचे, चाचा. उद्यापासून स्टिकला हात लावायचा न्हाई. चेंडू लावायचे फक्त."

मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होतो. माझ्यापासून चाचा पाच पावलांवर होते.

त्यानंतर ते स्टुलावर बसून असायचे. टिपा फुगल्या, चपट्या झाल्या. एक-दोघा खेळाडूंनी मालकाच्या माघारी त्यांना गळ घातली तर ते हात मागे घ्यायचे. "नको बाबा. हाताचा भरवसा राह्यला न्हाई." एकदा मीच गेलो, काही बोलावं म्हणून. ते मला म्हणाले, "तू त्या दिवशी माझं नाव सांगितलं ते बराबर केलंस. खरं ते खरं." त्या दिवसापासून मी पार्लरला जाणं सोडलं. दोन-तीन महिन्यांनी चाचा काम सोडून अंबडला गेल्याचं कानावर आलं.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. सहा-सात वर्षं गेली. कंपनीची एक केस अंबडच्या कोर्टात होती आणि साहेबांनी मला कागद घेऊन पाठवलं. पुढची तारीख पडली, सकाळी अकरालाच मी मोकळा झालो. यष्टी उभी होती. मी तिच्यात चढलो, जागा धरली आणि गाडी सुटायच्या आधी खाली उतरलो. बाजारात विचारलं तर "क्लबवाले चाचा" सगळ्यांना ठाऊक होते.

ते दारापुढे बाजेवर बसले होते. ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगांचा चष्मा होता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं, हात धरून शेजारी बसवलं आणि आत चहा सांगितला. लग्न, मुलंबाळं झाली का ते विचारलं. चहा आला, संपला. मग मी कपाकडे बघत सगळं सांगितलं. कानशी, ट्यूब, सरसाचा थर, आणि भास झाला म्हणालो ते.

मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे. तशी मनाची तयारीच करून मी गेल्तो.

चाचांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "माझ्या अंगठ्याला कळलं होतं."

"हो चाचा."

"तीस वर्षांचा अंगठा. त्याला कळलं, आणि मी तुझ्या डोळ्यावर भरवसा ठेवला." त्यांचा आवाज चढला. "मालक काय बोलला त्याचं मला काही न्हाई. नोकर होतो, बोलला. पण मी घरी बसलो ना रे! जावयानं शिलाईचं दुकान टाकलं, म्हणाला अब्बा काज-बटन करा. मी न्हाई केलं. कपडा खराब होईल म्हणून. सुईला हात लावला न्हाई मी. अन् तू जालन्यात बसून व्हतास."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकल्याचं दाखवलं नाही. उठले, दारातून आत हाक मारली. त्यांची बायको लसूण सोलत होती, तशीच ओटीत सालं घेऊन बाहेर आली.

"हिच्यासमोर सांग," चाचा म्हणाले. "हिला मी सांगितलंय की माझे हात गेले. तूच सांग."

मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त वाईट वाटत होतं, कारण त्या माउलीला टिप म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागत होतं. एवढीशी चामड्याची टिकली, असं मी बोटाने दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मैं बोली थी ना, हात को कुछ नहीं हुआ करके." आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आत गेली.

"मित्राला सांगितलं?" चाचांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग त्याला सांग. माझं नाव त्याच्यापुढं घेतलं होतंस."

जालन्याला उतरलो तो सरळ मित्राच्या दुकानात गेलो. पार्लर बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती; मालक गाव सोडून गेल्ता. मित्र गिऱ्हाइकाला बेअरिंग दाखवत होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी सांगितलं. तो मोठ्याने हसला. "अरे, ते अजून डोक्यात घेऊन बसलास? पोरखेळ होता तो." त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हणालो, चाचांना एकदा भेटून ये, तुझ्याकडून त्यांना ऐकू दे. तो म्हणाला, बघू, सिझन संपला की जाऊ. तो गेला नाही. मीही दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

अंबडला मी त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा कोर्टाच्या कामाने. चाचा जावयाच्या दुकानात बसून काज करत होते. टाके बारीक आणि सारखे होते. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, पाऊसपाण्याचं विचारलं. मी म्हणालो, काम छान चाललंय चाचा. त्यांनी मान हलवली. एक सदरा पुरा झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून काजांवरून अंगठा फिरवला आणि सदरा समोर उभ्या असलेल्या जावयाकडे दिला, नजर टाकायला. मी शेजारीच बसलो होतो.