टेबल बघून किंमत सांगा

श्रीरामपूरच्या कॉलेजात एम.कॉम.ला ऑप्शनची किंमत काढायला शिकवतो. बावीस वर्षं झाली! शिकवून शिकवून कंटाळलो, पण किस्से साठत गेले. ते सांगायचा कंटाळा अजून आलेला नाही, एवढंच.

ऑप्शन म्हणजे इसार, असं मी वर्गात सांगतो. ठरल्या भावाने पुढे माल घ्यायचा हक्क आज थोडे पैसे देऊन घ्यायचा. ते पैसे किती, हे सूत्राने काढायचं आणि त्यासाठी नॉर्मल डिस्ट्रिब्युशनचं टेबल, म्हणजे आकड्यांचा छापील तक्ता, बघायचा.

*

बेलापूरच्या गणेशने एकदा किंमत काढली, उणे दोन रुपये! सूत्रातला मधला आकडा उणे आला की टेबलातली संख्या अर्ध्यातून, म्हणजे ०.५ मधून, वजा करायची. पठ्ठ्याने मिळवली.

"अरे, म्हणजे हक्कही मिळणार आणि वर दोन रुपयेही?"

"सर, कुठं मिळतंय सांगा, आमी बी घेतो!"

*

हे टेबल पुस्तकाच्या शेवटी असतं. आमच्या लायब्ररीत एकाही पुस्तकाला शेवटचं पान नाही.

ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "मुलं वाचत नाहीत म्हणता ना सर? बघा, शेवटपर्यंत पोचलीत!"

*

"सर, मोबाईल एका सेकंदात उत्तर देतोय. मंग टेबल कशाला?"

"परीक्षेत मोबाईल चालत नाही."

"आन् नोकरीत?"

"तिथे टेबल चालत नाही."

यावर वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

*

मिरजगावच्या रोहिणीला नोकरी लागली होती, पण महिनाअखेरपर्यंत मार्कशीट दाखवायची अट होती. आणि नेमका माझ्याच विषयात अख्ख्या वर्गाचा निकाल राखीव! एका गणिताचं सगळ्यांचं उत्तर सारखं, आणि सगळ्यांचं चूक. सामूहिक कॉपीचा संशय.

चौकशीला तिच्याबरोबर मीही गेलो. 

समितीचे अध्यक्ष आमच्याच विषयाचे, फार कडक. रोहिणीने परीक्षेत वाटलेली टेबलाची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली.

"आमी कुनाचं बघितलं न्हाई सर. ह्येच बघितलं. तुमी सोडवून बघा."

"बघतोच," म्हणत त्यांनी झेरॉक्स पुढे ओढली आणि पेन काढलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं. तेच! मग त्यांनी स्वतःचं पुस्तक उघडलं. पुस्तकात त्या जागी आठ होता, झेरॉक्समध्ये पुसट होऊन त्याचा तीन झाला होता.

रोहिणीने हळूच विचारलं,

"सर, मंग आता तुमचा बी निकाल राखीव का?"