आधी गच्ची, मग प्लॅन

मैंदर्गीत टॉवरवरून घरोघरी बिनतारी इंटरनेटची जोडणी देणारा एक माणूस गच्चीवर चढल्याशिवाय प्लॅनचं बोलतच नसे. कुणी दर विचारला की म्हणायचा, "थांबा की, आदी वर बगू." रणरणत्या उन्हातही चपला जिन्यापाशी काढून, तळपाय उचलत तो गच्चीभर फिरायचा. मला ते सोंग वाटायचं.

माझ्या मुलीची नोकरीची मुलाखत चार दिवसांवर आली होती आणि ती घरूनच द्यायची होती. मी त्याला बोलावून मुलाखतीचं सांगितलं आणि म्हटलं, "सगळ्यात मोठा प्लॅन द्या."

गच्चीवरून तो मान हलवतच उतरला. "सर, मोटा घिऊन काय करता? मदी पाण्याची टाकी हाय, आमचा टावर हितनं दिसतच न्हाय. ऐन टायमाला पोरगी अडकंल. तुमी दुसऱ्या कंपनीची वायर घ्या." त्या कंपनीच्या माणसाला त्यानंच फोन लावला आणि कानडीत घाई करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वायर आली. मुलाखत न अडखळता पार पडली.

पुढच्या आठवड्यात तो बाजारात भेटला. मी म्हटलं, "तुमचं गिऱ्हाईक गेलं की."

"व्हय, गेलं," तो म्हणाला. चेहरा खरंच जरा पडला होता. मग त्यानं विचारलं, "पोरीचं काय झालं?"