निळ्या काठाचा कप

परवा इथल्या माउंट रॉस्किल उपनगरातल्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, जुनी भांडी बघताना निळ्या काठाचा कप हाती आला आणि रोझा आठवली.

रोझा आमची शेजारीण. युरोपात जिप्सी म्हणून हिणवतात, त्या रोमा लोकांतली. आई गावाहून माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा रोझानं आम्हाला चहाला बोलावलं. निळ्या काठाच्या कपांत लिंबाची फोड घातलेला कोरा चहा. "आमचे पूर्वज तुमच्याच देशातून निघाले," असं ती म्हणाली, तेव्हा आईनं तिचा हात हातात घेतला. किती बरं वाटलं होतं!

निघताना आई कप विसळायला उठली, तशी रोझा घाईनं आडवी आली. "राहू दे. बाहेरच्यांचे कप आम्ही वेगळे धुतो, वेगळे ठेवतो. आमच्यात रीतच आहे."

मला भयंकर राग आला. घरी आल्यावर आई म्हणाली, "गावात डोंबारीण यायची बघ. तिचा कप आपल्याकडे गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. त्यातून चहा पिताना कसं वाटतं, ते आज कळलं गं."

निळ्या काठाचा कप मी घेतला नाही. घरी नेऊन तो कुठे ठेवायचा, हेच सुचेना.