सहलीसोबत जाणारी बाई

आमच्या हायस्कूलची सहल दरवर्षी थंडीत निघते. एसटीची बस करतात. पोरांचं काही नसतं, पोरं कशीही जातात. पण पोरी न्यायच्या तर सोबत बाईमाणूस लागतं. तसा नियम आहे. नियम नसता तरी आमच्या अमडापूरकडच्या बापांनी नुसत्या मास्तरांच्या भरवशावर पोरी धाडल्या नसत्या. शाळेत मॅडम एकच. कधी तिचं लेकरू लहान, कधी तिच्या सासूचं दुखणं. म्हणून माझी बायको जायची.

ती शाळेत खिचडी शिजवायची. मी चौथी शिकलो, ती तेवढंही नाही. पण जग तिनं पाहिलं आणि मी घरी बसलो. तिनं वेरूळ पाहिलं, रायगड पाहिला, समुद्र पाहिला. मी शेगावच्या पुढे गेलो नाही. समुद्र पाहून आली तेव्हा मी विचारलं, कसा असते? म्हणाली, "येते अन् जाते, येते अन् जाते. त्याले दुसरं कामच नाही." एवढ्यावर समुद्र संपला आणि ती दळण निवडायला बसली.

बापांचा तिच्यावर भरवसा होता, त्याला कारण होतं. मुक्कामाला पोरी एका खोलीत झोपायच्या आणि ही आपलं अंथरूण दारात आडवं टाकायची. आतली पोरगी बाहेर जायची असो की बाहेरचं कोणी आत यायचं असो, हिला ओलांडल्याशिवाय जमायचं नाही. हिच्या पिशवीत बाम, लिंबं, सेफ्टीपिना आणि पोरींच्या अडचणीचं कापड असायचं. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. पोरी सांगायच्या. सगळ्या तिला आजी म्हणायच्या. त्यातल्या कितीतरी आता लेकुरवाळ्या आहेत.

मागच्या उन्हाळ्यात ती वारली. पोटात गाठ होती.

दिवाळीनंतर शाळेनं सहल काढली. या वर्षी पुन्हा रायगड आणि समुद्र. मॅडमचं बाळ अंगावर पिणारं, म्हणजे ती येत नाही. हेडसरांनी नव्या खिचडीवालीचं नाव घेतलं, आणि बाप लोक एकदम मागे सरले.

नवी म्हणजे अगदी नवी नव्हे. बायकोला शेवटी खिचडीचा भरला गंज उचलवेना, तेव्हा तिनंच तिला मदतीला बोलावलं होतं. बौद्ध वस्तीतली बाई, पंचेचाळिशीची, नवरा वीटभट्टीवर. बायको गेल्यावर तिचीच जागा हिला मिळाली.

हॉटेलावर बसलो की कानावर यायचं. एक म्हणे, बाई नवी हाय. दुसरा म्हणे, तिले बस लागते, ती पोरी सांभाळीन का स्वतःले? तिसऱ्याला तिच्या मोबाईलचं पडलं होतं, साधा मोबाईल आहे म्हणे. माझ्या बायकोजवळ तर साधाही नव्हता. खरं काय ते कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. नवी असण्याची गोष्ट नव्हती. ती कोणत्या वस्तीतली, ही गोष्ट होती. एकानं मलाच टोमणा मारला, "आबा, तुम्हीच जा न मंग, आजीचं लुगडं नेसून." लोक हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

हे सगळं ऐकून मी गप्प होतो. माझं काय जातं, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला बरंही वाटायचं. बायकोवाचून सहल अडते, तर अडू दे. एक वर्ष तरी अडावं माणसाच्या मागे काहीतरी.

मग शेजारची पोरगी आली. दहावीतली आहे. तिचा बाप भाजीपाला लावतो, वांगी आणि कोथिंबीर घेऊन चिखलीच्या बाजारात जातो. बापानं सांगून टाकलं होतं की दहावी झाली की शिक्षण बस्स. सोयरीक आली होती की नाही मला माहीत नाही, पण घरात बोलणी चालू होती. पोरगी ओट्यावर येऊन उभी राहिली.

"आबा, तुम्ही सांगा न माह्या बाबाले."

मी म्हटलं, मी काय सांगू?

"खिचडीवाली मावशी चांगली हाय म्हणून सांगा. तुमचं ऐकते थे."

मला राग आला. बोललो, अजून वर्ष नाही झालं तुह्या आजीले अन् तुमाले दुसरी पाहिजे. पोरगी घाबरली नाही. म्हणाली, "आजी राहती त तुमच्याकडं काऊन आली असती मी? मले एकडाव समुद्र पाहाचा हाय, आबा. मंग कोण नेते मले?"

आणि गेली. पोरीच्या बोलण्यात खोट नव्हती.

नव्या बाईचं चांगलं सांगायला माझी जीभ का रेटत नव्हती, ते लिहितो. बायकोला बुलढाण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बायांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. मुलगा पुण्याला, सून बाळंतपणाला टेकलेली. ही बाई सोबत राहिली. कोणी सांगितलं नाही, आपणहून राहिली. बायकोचं सगळं केलं, वेणीपासून संडासच्या भांड्यापर्यंत. मी दिवसा वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसायचो आणि भेटायच्या वेळेला आत जायचो. त्या दिवशी बायको म्हणाली, चहा आणा. मी खाली गेलो. चहावाल्याकडचा चहा उकळून काळा झाला होता, म्हणून मी त्याला आलं टाकून नवा ठेवायला लावला. तिला आलं लागायचं. प्लास्टिकच्या पिशवीत चहा घेऊन वर आलो तर संपलं होतं. शेवटचं पाणी तिच्या तोंडात या बाईनं घातलं.

आमच्यात शेवटचं पाणी घरच्यानं घालायचं असतं. पोरानं, नाहीतर नवऱ्यानं. ते हिनं घातलं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. पाणी हिच्या हातचं, याचं मला वाईट वाटलं नाही, माणूस कोणतंही असो, तहानेला पाणी दिलं. वाईट याचं वाटलं, की चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझ्यासोबत काढलेली बाई गेली आणि ते पाहिलं दुसरीनं. त्या बाईला पाहिलं की मला तेच आठवायचं. ती रस्त्यानं आली की मी गोठ्यात शिरायचो. गोठ्यात काही काम नसायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात पालकांची सभा होती. माझं कोणी लेकरू शाळेत नाही, तरी गेलो. मागे भिंतीला टेकून बसलो. नवी बाई खिचडीचे गंज घासत नळावर होती, तिला सगळं ऐकू जात होतं. हेडसर बिचारे समजावत होते, मुक्काम चांगला आहे, जेवण चांगलं आहे. पोरी कमी झाल्या तर बस भरत नाही, मग पोरांचीही सहल रद्द होते. बाप लोक खाली पाहत होते. त्या पोरीचा बाप, आमचा शेजारी, म्हणाला, "सर, आमचं काही म्हणणं नाही. पण आजीची गोष्ट येगळी होती."

मी उठलो. सभेत बोलायची मला सवय नाही.

"आजीची गोष्ट मी सांगतो," म्हणालो. "तिच्या भरवशावर तुमी पोरी धाडत होते न? तिले शेवटचं पाणी कोणं पाजलं, मालूम हाय? म्या नाही पाजलं. पोरानं नाही. थे नळावर बसली थ्या बाईनं पाजलं. मरतानी माही बायको तिच्या भरवशावर होती. तुमच्या पोरी त चार दिवस फिराले चालल्या."

नळावर गंज घासण्याचा आवाज थांबला. शेजारी म्हणाला, आबा, आमचं तसं म्हणणं नव्हतं. मी विचारलं, मंग कसं व्हतं? हेडसरांनी चष्मा काढून पुसला आणि संमतीचे कागद वाटले. शेजाऱ्यानं सही केली. बऱ्याच जणांनी केली. दोघांनी केलीच नाही, कागद खिशात घालून निघून गेले. त्यांच्या पोरी शेवटपर्यंत घरीच राहिल्या, तेही लिहिलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माझ्या भावानं तोंड सोडलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून. मुलाचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, बाबा, मले त सांगाचं होतं आधी. त्याचं बरोबर होतं. सहलीसाठी माझ्या बायकोचं मरण मी वाटून टाकलं, असं मला वाटत होतं, आणि परत घेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शिरलो नाही. ती बाई रस्त्यानं येत होती, मी ओट्यावर उभा राहिलो. ती थांबली. मला मामा म्हणते, बायकोला मामी म्हणायची. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, मामा, तुम्ही माह्यासाठी कायले बोलले. मी म्हटलं, तुह्यासाठी नाही बोललो, पोरीसाठी बोललो. मग इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"काही बोलली होती काय थे?"

म्हणाली, "राहू द्या न मामा."

"सांग."

"पाणी पेल्या. मंग दरवाज्याकडं पाह्यत राह्यल्या. म्हणे, इतका येळ लागते काय च्या आणाले."

"अन् मंग?"

"मंग काही नाही."

मी तिला सांगायला लागलो की आलं टाकून नवा ठेवायला लावला होता, म्हणून उशीर झाला. दोनदा सांगितलं. ती हो मामा, हो मामा म्हणत उभी राहिली. ज्या बाईला सांगायचं ती नव्हती, म्हणून हिला सांगितलं. ती गेल्यावर मी घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. बायको रागावून गेली की वाट पाहून गेली, ते मला अजून कळत नाही. ती रागावलेलीही तसंच बोलायची आणि वाट पाहतानाही तसंच.

सहल निघाली त्या सकाळी मी शाळेसमोर गेलो. थंडी होती, पोरी कानटोप्या घालून कलकल करत होत्या. शेजाऱ्यानं पोरीची बॅग वर ठेवली आणि नव्या बाईकडे न पाहता म्हणाला, "ध्यान ठेवजा, बाई." ती हो म्हणाली. दारामागच्या सीटवर बसली, लिंबू आधीच नाकाला लावलेलं. पोरगी खिडकीतून ओरडली, आबा, तुमच्यासाठी शिंपले आणतो. मी म्हटलं, मले कायले शिंपले, तू नीट ये.

बस चिखलीच्या रस्त्याला लागली. शेजारीण, त्या पोरीची आई, पदरानं डोळे पुसत होती.

"काऊन रडून राह्यली वो," मी म्हटलं. "चार दिवसांत येते पोरगी."

"हाव आबा, या डाव येते, मालूम हाय मले," ती म्हणाली, आणि रडतच राहिली. बाकीचे लोक पांगले. बस दिसेनाशी झाली तरी मी तिच्याजवळ उभा होतो.