बिनजोखमीचा सौदा आणि रस्त्यावरचे हत्ती

आता आपण कसलीही जोखीम न घेता कमावणार, असं माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते, आणि लाटतच राहिले. तो अहेरीत कॉम्प्युटर शिकवतो. वर्गात वीज असली की इंटरनेट नसतं, आणि दोन्ही असलं की सुट्टी असते. अशा भरपूर फावल्या वेळात त्यानं एक टूल तयार केलं होतं.

"हे करते काय?" सासूबाईंनी विचारलं.

"माय, क्रिप्टोच्या बाजारात भाव चढन म्हणणारे एका बाजूले, पडन म्हणणारे दुसऱ्या. जिकडं गर्दी जास्त, तिकडच्यांनी दुसऱ्या बाजूले दर काही तासांनी थोडे पैसे द्याचे. त्याले फंडिंग रेट म्हणतात. हा रेट हरेक एक्सचेंजवर अलग रायते. म्हणून एकीकडं घ्याचं, दुसरीकडं तेवढंच विकाचं; हे सौद्याचे दोन लेग. भाव चढो का पडो, आपल्याले काही नाई. दोन रेटमधला फरक आपला. तो कुठी जास्त आहे, हे टूल सांगते."

"मंग बाकीचे लोक काऊन नाई करत?"

"त्याहिच्यापाशी माह्यं टूल नाई न!"

जगभरातल्या बड्याबड्या कंपन्यांना जे सुचलं नाही, ते आमच्या स्वयंपाकघराशेजारी सुचलं होतं. मला अभिमान वाटला. पोळी मात्र करपली.

पुढच्या रविवारी हेमलकशाकडे नोकरीला असलेल्या माझ्या नणंदेच्या नव्या घरी बुद्धवंदना होती. पांढरी साडी नेसून मी मोटरसायकलवर मागे बसले. आलापल्ली ओलांडून जंगल दाट झालं आणि नवऱ्याच्या खिशातल्या फोनची घंटी वाजली. टूलला फरक सापडला होता. त्यानं एवढा जोरात ब्रेक मारला की माझं कपाळ त्याच्या पाठीवर आदळलं.

"थांब, नेटवर्क आहे!" म्हणत तो गाडीवरून उतरला. एका एक्सचेंजवर त्यानं खरेदी केली. दुसऱ्यावर विकायला गेला, तर नेटवर्क गेलं. फोन उंच धरून तो सागाच्या झाडांमधून फिरला, दगडावर चढला. काही उपयोग झाला नाही. अर्धाच सौदा झाल्यामुळे आमची बिनजोखमीची योजना आता साधा जुगार झाली होती. भाव पडला असता, तर सावरायला दुसरी बाजूच नव्हती.

"बस लवकर. पुढं टॉवर आहे," तो म्हणाला.

थोडं पुढे गेलो तर वनरक्षकानं गाड्या अडवलेल्या. हत्तींचा कळप रस्त्यावर होता. दूर वळणावर त्यांच्या करड्या पाठी दिसत होत्या. एक हत्तीण बांबू मोडून खात उभी होती. तिला आमच्या बाजारभावाशी काही देणंघेणं नव्हतं.

नवऱ्याला दरदरून घाम फुटला होता.

"काऊन घाबरता भाऊ? दूर आहेत ते," वनरक्षक म्हणाला.

"हत्तीचं नाई हो. माहा एक लेग झाला, दुसरा राह्यला."

शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याच्या दोन्ही पायांकडे नीट पाहिलं. मग त्यांनी काही न विचारता त्याला झाडाखाली बसवलं आणि आपल्या तुंब्यातलं पाणी दिलं. वनरक्षकानं मला हळूच विचारलं, "बाई, दवाखान्यात न्याचं आहे का?"

मी नाही म्हणाले. पण तेव्हा मला जरा शंकाच होती.

हत्ती त्यांच्या सवडीनं गेले. पुढे टॉवर लागला, त्यानं फोन उघडला आणि तो रस्त्यातच नाचला. मधल्या वेळात भाव चढला होता. त्यानं तिथंच घेतलेलं विकून नफा पदरात पाडला.

"पाह्यलं? टूल!"

"भाव चढो का पडो, आपल्याला काही नाही, असं होतं ना? आपण तर भाव चढला म्हणून वाचलो."

त्यानं हे ऐकलंच नाही. वंदना झाल्यावर नणंदेच्या अंगणात त्यानं सगळ्यांना टूलचा पराक्रम सांगितला. हत्ती त्यातून गाळले. दोन पाहुण्यांनी लगेच फोन पुढे केले.

त्यानंतर काही महिने त्यानं घरी बसून, दोन्ही बाजू जुळवून, अगदी शास्त्रोक्त सौदे केले. फरक खरंच मिळायचा. तरी खात्यातली रक्कम हळूहळू आटत होती. दोन्ही एक्सचेंज प्रत्येक सौद्यात शिरताना आणि बाहेर पडताना आपलं शुल्क कापत होते, आणि ते वजा करायचं त्यानं टूलला शिकवलंच नव्हतं.

एका सकाळी त्यानं ते शिकवलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो कोऱ्या स्क्रीनकडे बघत होता. ज्यात काही उरेल असा एकही सौदा टूलला दिसत नव्हता. त्याचा चेहरा एवढा पडला होता, की तोंडाशी आलेला टोमणा मी गिळला आणि कप त्याच्या हातात दिला.

सासूबाई दारातून डोकावल्या. "बिघडलं का रे टूल?"

"नाई माय," तो म्हणाला. "आताच बराबर चालून राह्यलं."