शुक्रवारची भोकं

एप्रिलमधल्या एका सकाळी टेकडी आवरून धरणाऱ्या भिंतीतून एका अँकरचं लोखंडी डोकं सुटलं, रस्ता ओलांडून गेलं आणि ब्रोनियस काइरिसच्या खुराड्यात घुसलं. दोन कोंबड्या मेल्या. डोकं अकरा किलोचं भरलं.

"काय रे ब्रॉन," शेजारचा व्हर्न कुंपणावरून म्हणाला, "तुझा अँकर पत्ता शोधत तुझ्याच घरी आला की!"

व्हर्नला हसायचा हक्क होता. ती भिंत पंचेचाळीस वर्षांपूर्वी या दोघांच्याच टोळीने उभी केली. ब्रोनियस मुकादम, व्हर्न सिमेंट कालवणारा. टास्मानियातल्या या खाणगावात पाऊस थांबतो तो फक्त श्वास घ्यायला. टेकडी सरकू नये म्हणून खडकात खोल भोकं पाडली, पोलादी तारांचे जुडगे आत सोडले, भोवती पातळ सिमेंट भरलं आणि बाहेरून लोखंडी डोकं बसवून ते ताणले. असे साठ अँकर. भिंतीखाली नऊ घरं, शेवटचं ब्रोनियसचं. तिथे त्याची बायको जॉयस दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. "मला इथून न्यायचं ते शवपेटीतूनच," असं वचन तिने त्याच्याकडून घेतलं होतं.

तपासाला रूथ टॅपिंग नावाची इंजिनिअर आली. जॅक लावून ती एकेक अँकर ओढून पाहायची. पहिले चार निकामी निघाले. चारही जुडगे डोक्यामागे हातभर अंतरावर तुटलेले, टोकं पेन्सिलीसारखी झिजलेली. त्याहून खोल आतलं पोलाद नव्यासारखं. निम्म्याहून जास्त अँकर असे निघाले तर नऊही घरं रिकामी करायची, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी ब्रोनियस कागद घेऊन तिच्या गाडीपाशी गेला. त्यावर अकरा आकडे होते.

"एवढेच सडलेत, पोरी. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याने सांगितलं. पातळ सिमेंट रात्रीत खाली बसतं, वर हातभर पाणी उरतं. सकाळी ते पाणी काढून पुन्हा सिमेंट भरायचं. पण शुक्रवारच्या भोकांना ती सकाळ मिळायचीच नाही. शनिवारी खडीच्या मैदानावर फुटबॉलचा सामना, आणि टोळीतले सहाजण संघात. सोमवारी पोकळी तशीच ठेवून वर डोकं ठोकायचं. डोकं सुटलेला सतरा नंबर यादीत पहिला होता.

"कोणाला सांगितलं होतं?"

"आज तुला. बायकोलाही नाही."

पहिले चारही अँकर त्याच्या यादीतले होते. रूथने यादी घेतली आणि तरीही उरलेले अँकर ओढले. साठापैकी एकेचाळीस गेलेले.

ब्रोनियसला ते पटेना. तिने त्याला शुक्रवार सोडून इतर वारी भरलेल्या एका भोकाचा कापलेला तुकडा दाखवला. आदल्या दिवशीचं सिमेंट आणि दुसऱ्या सकाळचं सिमेंट एकजीव झालंच नव्हतं. मध्ये केसाएवढी फट. टेकडीचं पाणी त्या फटीतून तारांपर्यंत पोचलं होतं. पोकळीतही तार गंजली, फटीतही. जागा तीच.

"म्हणजे आम्ही नीट भरलेलीसुद्धा?"

"तेव्हा भरायची रीतच तशी होती, मिस्टर काइरिस."

"मग शनिवारी आम्ही सामना सोडून आलो असतो तरी..."

"तरी आपण इथेच उभे असतो."

"हे समाधान म्हणून सांगतेस?"

"नाही. तुम्ही विचारलंत म्हणून."

घरं सोडायला चौदा दिवस मिळाले. तेराव्या दिवशी ॲम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली. जॉयसने त्यांच्या मागे दाराकडे पाहिलं.

"पेटी कुठाय?"

"जॉयस, भिंत धरत नाही गं आता."

"भिंत कोणी बांधली?"

माणसांनी तिला उचललं.

आता दोघं बर्नी शहरातल्या वृद्धाश्रमात एका खोलीत राहतात. त्याच नऊ घरांपैकी एकातला मी भेटायला गेलो तेव्हा तो तिला भोपळ्याचं सूप भरवत होता. चमचा घेण्यापुरतं ती तोंड उघडते. त्याच्याशी शेवटचं बोलली ते भिंतीबद्दल.